आधी आतलं वाचा, मग कात्री हातात घ्या

हातकामाचा कोपरा : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, आमच्या जालन्याच्या घरातला नाताळचा तारा खाली उतरतो. त्याच दिवशी खिडकीतल्या दोरीवर ओळीनं टांगलेली कार्डंही उतरतात. डिसेंबरच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की जुन्या नाताळ कार्डांबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा. पत्रं आली ती लातूरपासून नांदेडपर्यंत. शाळेत सत्तावीस वर्षं कार्यानुभव आणि चित्रकला शिकवली, पण या एका विषयावर एवढी विचारणा मला कधी झाली नव्हती. जी उत्तरं बऱ्याच जणांच्या उपयोगी पडतील ती इथं देते आहे.

*

*बाई, माझ्या सासूबाई मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. मागच्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या लोखंडी पेटीत दोनेकशे नाताळ कार्डं निघाली, काही परदेशातून आलेली आहेत. आमचे हे म्हणतात रद्दीत घाला, पण माझा जीव होत नाही. सगळी ठेवून घ्यायला घरात जागाही नाही. काय करू?*
— एक सूनबाई, अंबाजोगाई

सूनबाई, तुमचा जीव होत नाही हेच बरं आहे. मालकांना म्हणावं, रद्दीवाला कुठं पळून जात नाही, मला दोन रविवार द्या.

पहिल्या रविवारी कात्री घरात आहे हेच विसरा. चष्मा लावून बसा आणि एकेक कार्ड उघडून आतलं वाचा. हे मी अनुभवानं सांगते. माझी आई बालवाडीची बाई. तिची ट्रेनिंग कॉलेजातली एक मैत्रीण लग्न होऊन वसईला गेली होती. दर नाताळात तिचं कार्ड यायचं आणि कार्डाच्या आतल्या कोऱ्या भागावर बारीक अक्षरात पत्र असायचं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला वर्गासाठी भेटीवर बांधायची चिठ्ठीकार्डं हवी होती. आईच्या पेटीतली पंधरा-वीस कार्डं मी उचलली, चित्राकडे बघितलं आणि कापत गेले. उरलेल्यांतलं एक चिठ्ठीकार्ड त्या वर्षी मावशीच्या फराळाच्या डब्याला बांधलं. डबा परत आला तेव्हा आईनं ते उलटून पाहिलं. मागं त्या मैत्रिणीचं अक्षर होतं, "या वर्षी तरी ये, मी". पुढचं मी कापून टाकलेलं. आई काही बोलली नाही. तिनं तो तुकडा उचलला आणि पवित्र शास्त्रात ठेवला. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो तुकडा अजून स्तोत्रसंहितेच्या पानांत आहे आणि त्या ओळीपुढं काय होतं ते मला कधीच कळणार नाही.

म्हणून म्हणते, नाताळ कार्ड म्हणजे एकात दोन वस्तू. बाहेरचं चित्र छापखान्याचं, तसलं हजारो घरांत गेलेलं. आतलं अक्षर मात्र तुमच्याच घराला आलेलं. चित्र खुशाल कापा, अक्षर सांभाळा.

वाचता वाचता तीन ढीग करा. ज्यात मनापासून चार ओळी लिहिल्यात ती एका बाजूला. ज्यात नुसतं नाव आणि सही आहे ती दुसरीकडे. ज्यात काहीच नाही, छापील शुभेच्छाच आहेत, ती तिसरीकडे. दोनशेतला पहिला ढीग फार तर तीस-चाळीसांचा निघेल, आणि तेवढ्याला घरात जागा होतेच. दुसऱ्या ढिगातली कार्डं घडीवर कापून दोन करा. सहीचं पान ठेवायचं, चित्राचं पान कामाला घ्यायचं. पण कापण्याआधी चित्राची मागची बाजू बघा. जुनी बरीच कार्डं एकाच कागदाची दोनदा घडी घालून केलेली असतात. त्या दुहेरी घडीच्या पोटात कधी कधी पत्ता, कधी फोटो, कधी वाळलेलं फूल निघतं.

ठेवायच्या कार्डांच्या मागं कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहा, कोणाचं, कुठून, कोणत्या साली. साल पाकिटावरच्या शिक्क्यात सापडतं. आज हे सांगायला घरात कोणीतरी आहे. तुमच्या नातवंडांच्या वेळी नसेल. पेन्सिलच घ्या, बॉलपेनचा वळ चित्राच्या बाजूला उमटतो.

चिकटवहीत लावणार असाल तर कार्डाला थेट फेव्हिकॉल लावू नका, तो एकदा धरला की सुटत नाही. रद्द कार्डांच्या पांढऱ्या कडेचे छोटे त्रिकोण कापा, ते मैद्याच्या खळीनं वहीला चिकटवा आणि त्यांत कार्डाचे कोपरे सरकवा. म्हणजे कार्ड हवं तेव्हा काढून मागचं वाचता येतं. आमच्या शाळेचे बाइंडर खळीला कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. ते विष आहे, लेकरांच्या घरात घालू नका. थोडी थोडी ताजी खळ शिजवा. शाईच्या पेनानं लिहिलेल्या कार्डाला पाण्याचा हात लागू देऊ नका. पेटीत सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला पातळ फडक्यात बांधून ठेवा, आणि पावसाळ्यात पेटी भिंतीपासून वीतभर लांब ओढा.

एक गोष्ट पाकिटांची. तिकिटं जमवायचा नाद असणारं एखादं लेकरू नात्यात असेल तर साध्या पाकिटांवरच्या तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून कापा आणि त्याला द्या. परंतु १९५० च्या आधीचं, निजामाच्या हैदराबाद संस्थानाचं तिकीट लावलेलं पाकीट निघालं, तर ते अख्खं ठेवा. आपला मराठवाडा त्या राज्यात होता आणि त्या राज्याचं टपाल वेगळं होतं. शिक्का, पत्ता, तिकीट हे सगळं एकत्र असलं तरच त्याला अर्थ.

दुसऱ्या रविवारी नणंदा, दीर, भाचरं, सगळ्यांना जेवायला बोलवा आणि पहिला ढीग मध्ये ठेवा. कोणी काही उचलून नेलं तर नेऊ द्या.

*

*जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. चौथीच्या वर्गात तीस मुलं आहेत. एका ओळखीच्या पाळकसाहेबांनी चाळीसेक जुनी कार्डं दिली आहेत. खर्च न होता सगळ्या वर्गाला हात लावता येईल असं काही सुचवा.*
— एक शिक्षक, लातूर जिल्हा

सर, तुमच्याकडे आहे तेवढ्यात बरोबर बसणारी एक वस्तू आहे. वीस वर्तुळांचा चेंडू. आकाशकंदिलासारखा टांगता येतो. ही वस्तू मी दरवर्षी करवून घ्यायचे, कारण ती हातकामाच्या तासाला भूमिती शिकवते आणि मुलांना त्याचा पत्ता लागत नाही.

हिशेब असा. मुलांचे पाच-पाचचे सहा गट करा. प्रत्येक मुलाला एक कार्ड. एका मध्यम कार्डाच्या चित्राच्या पानात सहा सेंटिमीटर व्यासाची चार वर्तुळं बसतात. पाच मुलांची वीस झाली, म्हणजे एका गटाचा एक चेंडू. तीस कार्डांत सहा चेंडू होतात आणि दहा कार्डं चुकायला शिल्लक राहतात. चुकायला ठेवाच.

वर्तुळ काढण्याआधी एका पुठ्ठ्यात सहा सेंटिमीटरची गोल खिडकी कापा. ती खिडकी कार्डाच्या चित्रावरून सरकवत न्यायची. कुठं मेंढीचं तोंड येतं, कुठं चांदणी, कुठं नुसताच निळा आभाळाचा तुकडा. मुलानं ठरवायचं, मला हे हवं. पसंत पडलं की पेन्सिल फिरवायची. माझ्या वर्गात सगळ्यांत जास्त वेळ इथंच जायचा आणि मी तो जाऊ द्यायचे. ज्याला "मला चित्र जमत नाही" असं वाटतं तोही इथं चित्र निवडायला शिकतो.

वर्तुळ कापून झालं की मागच्या कोऱ्या बाजूला त्रिकोण. कंपास तीन सेंटिमीटरवर ठेवा, त्रिज्या आहे तेवढीच. परिघावर कुठंही टोक टेकवून खूण करा, त्या खुणेवरून पुढची, तिच्यावरून पुढची. बरोबर सहा खुणा होतात आणि सहावीवरून पुन्हा पहिल्याच जागी येतो. मुलांना स्वतःच्या हातानं हे बघू द्या. एक सोडून एक खूण पट्टीनं जोडली की समभुज त्रिकोण तयार. प्रत्येकानं कंपास वापरायची गरज नाही. एक त्रिकोण चांगला काढा, तो पुठ्ठ्यावर उतरवा आणि तोच सगळ्यांनी ठेवून गिरवायचा. बाजू थोड्या जरी कमीजास्त झाल्या तरी चेंडू शेवटी मिटत नाही.

मग त्रिकोणाच्या तिन्ही रेषांवर बंद पडलेलं बॉलपेन पट्टीला धरून दाबून ओढा. शाई नको, नुसता चर पडायला हवा. त्या चरावर तीन पाकळ्या चित्राच्या बाजूला उभ्या दुमडा. आता पाच वर्तुळं घ्या, पाकळीला पाकळी चिकटवा, त्रिकोणांची टोकं मध्ये एका ठिकाणी आली पाहिजेत. हे झालं झाकण. अशीच आणखी पाचांची दुसरी टोपी, ते बूड. उरलेली दहा एक सुलटं, एक उलटं अशी पट्टीत जोडा आणि पट्टीची टोकं एकमेकांना चिकटवून कडं करा. कड्याला खाली बूड, वर झाकण. झाकण बसवण्याआधी त्याच्या मधल्या टोकातून दोरा ओवून आत गाठ मारायला विसरू नका. नंतर हात आत जात नाही.

एकूण तीस जोड होतात. प्रत्येक जोडाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून पाच मिनिटं थांबायचं. मुलांनी घरून दोन-दोन चिमटे आणले तरी भागतं. चेंडू आमच्या जालन्याच्या मोठ्या मोसंबीपेक्षाही मोठा होतो. एकट्याला जमणार नाही, पाचांना जमतं. घाईनं एका तासात उरकू नका, तीन तास लावा. पहिला वर्तुळांचा, दुसरा त्रिकोणाचा, तिसरा जोडणीचा.

*

*चमकी लावलेली आणि उघडताच गाणं वाजणारी कार्डं आहेत. नातू त्यांच्याशी खेळतो. त्यांचं काय करता येईल?*
— एक आजोबा, बीड

आजोबा, गाणाऱ्या कार्डाचं आधी ऐका. त्यात बटणाएवढा गोल सेल असतो. लहान लेकरानं तो गिळला तर अन्ननलिका आतून भाजते, आणि ते काही तासांतच होतं. हे पत्र वाचून झाल्याबरोबर त्या कार्डाची मागची घडी सोडवा, सेल बाहेर काढा, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून उंचावर ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्या. सेल कधी गिळलाच तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक मोठा दवाखाना गाठा. उरलेलं कार्ड नातवाला खुशाल द्या.

चमकी म्हणजे प्लास्टिकचा चुरा. तिच्यामुळे कार्ड कागदाच्या रद्दीत चालत नाही आणि लगद्यातही चालत नाही. अशी कार्डं अख्खीच वापरावीत, म्हणजे भिंतीवर चौकटीत नाहीतर भेटीच्या डब्याच्या झाकणावर. चमकी झडत असेल तर वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.

*

*आम्ही हिंदू आहोत. शेजारच्या ख्रिस्ती ताई दरवर्षी कार्ड देतात, त्यावर बाळ येशूचं चित्र असतं. माझ्याकडे गणपतीचं चित्र असलेल्या लग्नपत्रिकाही खूप साठल्या आहेत. यांवर कात्री चालवली तर चालेल का? मनाला बरं वाटत नाही.*
— एक गृहिणी, नांदेड

ताई, तुमच्या शेजारणीच्या श्रद्धेचा तुम्ही एवढा विचार केलात, हे वाचून मला फार बरं वाटलं. माझं उत्तर एका ख्रिस्ती घरातल्या बाईचं आहे. आमच्यात चित्राची पूजा होत नाही असं मानणारी घरं आहेत, आणि चित्रासमोर मेणबत्ती लावणारीही आहेत. शेजारणीला एकदा विचाराच. विचारल्यानं त्यांना बरंच वाटेल.

माझा स्वतःचा नेम सांगते. चेहऱ्यातून कात्री जाऊ द्यायची नाही, चेहऱ्याला दोऱ्यासाठी भोक पाडायचं नाही, आणि पायाखाली किंवा कपाखाली येईल अशी वस्तू त्याची करायची नाही. मूर्तीच्या कडेकडेनं कापून ती अख्खी वेगळी करायची. मग तिची शोभा वाढते. बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढपाळ, उंट हे सगळे वेगवेगळ्या कार्डांतून असे कडेनं कापून घ्या, मागं पुठ्ठ्याची घडी घातलेली पट्टी लावून उभे करा, की गव्हाणीचा देखावा तयार होतो. कोणी मोठा होईल, कोणी लहान. मोठे पुढं, लहान मागं ठेवा, म्हणजे अंतर दिसतं. गव्हाणीला तुमच्या गावाकडचा कडबा आणा. ज्वारीच्या कडब्याची चार धाटं कापून, सुतळीनं बांधून केलेलं छप्पर जितकं खरं दिसतं तितकं बाजारातलं प्लास्टिकचं दिसत नाही. आमच्याकडच्या गोठ्यात गव्हाण असतेच, लेकरांना ती गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

लग्नपत्रिकांना हाच नेम लावा. गणपती अलगद काढून घ्या, एका पाकिटात जमवा. मुलांच्या वह्यांवर पहिल्या पानाला लावता येतात. राहिलेला जाड कागद नाताळ कार्डापेक्षाही चांगला, त्याच्या डब्या करा. कृती पुढच्या पत्रात आहे.

*

*बाई, मी सहावीत आहे. मी कार्डाची डबी केली पण घडी घातली तिथं चित्र फाटून पांढरं दिसतं. झाकणही बसत नाही.*
— एक विद्यार्थिनी, परभणी

बाळा, दोन्ही चुका सगळ्यांच्याच होतात.

कागदाला लाकडासारखी रेघ असते. कार्ड हातात घे, आधी आडवं थोडं वाकव, मग उभं. ज्या बाजूनं सहज वाकतं ती रेघ. रेघेच्या दिशेनं घडी नीट पडते, आडवी घातली की तडकते. डबीला तर चारही बाजूंनी घडी लागते, म्हणून आधी बंद पडलेल्या बॉलपेननं चर पाडायचा आणि मगच घडी घालायची. चर मागच्या पांढऱ्या बाजूनं पाड. एकदम जोर नको, तीनदा हळू ओढ.

झाकणाचं असं. चित्राचं पान झाकणाला घे, मागचं कोरं पान बुडाला. बुडाचं पान लांबीत तीन मिलिमीटर आणि रुंदीत तीन मिलिमीटर कापून लहान कर. तू दोन्ही सारखीच घेतली असशील, म्हणून ती एकमेकांत जात नाहीत. दोन्ही पानांवर कडेपासून अडीच सेंटिमीटर आत चारही बाजूंनी रेघा आख. कोपऱ्यात चार चौकोन दिसतील. प्रत्येक चौकोनाची एकच बाजू काप, तो चौकोन आत दुमडून शेजारच्या भिंतीला आतून चिकटव.

संक्रांत आली आहे, त्यात तिळगूळ घालून मैत्रिणींना दे. आत आधी बटर पेपर घाल, छापील शाई खाण्याला लागायला नको. बुडाच्या पानावर आत कोणी लिहिलेलं असेल तर ते पान घेऊ नको, घरच्यांना दाखव.

*

*कॉलेजच्या नाताळ कार्यक्रमात कार्डांच्या प्रथेबद्दल दोन शब्द बोलायचे होते, ते राहिलेच. पुढच्या वर्षासाठी सांगाल का?*
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पाठवायची सोय झाली आणि लोक धडाधड पत्रं लिहू लागले. हेन्री कोल नावाचे एक मोठे सरकारी गृहस्थ होते. पुढं लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून जे नावारूपाला आलं, त्याचे ते पहिले संचालक. १८४३ च्या नाताळात सगळ्यांना पत्रं लिहायला त्यांना सवड होईना. त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. विकायलाही ठेवल्या, एकीची किंमत एक शिलिंग. चित्रात मधे एक कुटुंब मेजवानीला बसलंय आणि दोन्ही कडांना गरिबांना अन्न आणि वस्त्र दिलं जातंय. मेजवानीत लेकरालाही वाइन पाजताना दाखवलं म्हणून त्यावर तेव्हा टीका झाली.

दुसरी गोष्ट १९४९ ची, ती मला जास्त जवळची. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या एका खेड्याला युनिसेफची मदत मिळाली. तिथल्या सात वर्षांच्या मुलीनं आभार म्हणून चित्र काढून पाठवलं. कागद मिळाला नाही म्हणून तिनं ते काचेवर काढलं. त्या चित्राचं पुढं युनिसेफचं पहिलं शुभेच्छा कार्ड झालं. आपल्याकडच्या जुन्या पेट्यांत युनिसेफचं चिन्ह असलेली कार्डं हमखास निघतात. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तेव्हापासून या भागात ख्रिस्ती वस्ती आहे आणि परगावच्या माणसांना धरून ठेवायला कार्डं होती. पहिलं कार्ड लिहायला वेळ नाही म्हणून छापलं गेलं. आमच्या लोकांनी तेच कार्ड घेऊन त्यात कडेकडेनंसुद्धा जागा न सोडता पत्रं लिहिली. पुढच्या वर्षी बोलशील तेव्हा हे जरूर सांग.

*

*कापून उरलेले तुकडे खूप राहतात. ते कशात जातील? आमच्या आजी कागद कुजवून टोपल्या करायच्या, ती रीत आता कोणाला येत नाही.*
— एक शेतकरी, सिल्लोड तालुका

भाऊ, येते, मला येते, आणि तुमच्या आजींची रीत हीच असणार.

प्लास्टिकचा पापुद्रा असलेले, सोनेरी पत्रा लावलेले, चमकीचे तुकडे आधी बाजूला काढा. ओळखायची खूण म्हणजे तुकडा फाडून बघा. कडेला कागदाचे तंतू दिसले तर कागद, पातळ झिल्ली ताणून लोंबली तर प्लास्टिक. चांगले तुकडे बोटाच्या पेराएवढे फाडून तीन दिवस पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. कार्डाचा कागद जाड आणि गुळगुळीत असतो, वर्तमानपत्रासारखा एका रात्रीत भिजत नाही. पाट्यावर वाटलेला लगदा सगळ्यांत चांगला. मिक्सरला लावणार असाल तर मूठभर कागद आणि भांडंभर पाणी, याहून जास्त घेतलं तर मोटार जळेल.

मेथ्या वेगळ्या भिजवायच्या. किलोभर सुक्या कागदाला मी पाव किलो मेथ्या घेते. रात्रभर भिजल्या की वाटायच्या, बुळबुळीत चिकट गोळा होतो. लगदा पंच्यात घालून पिळा. थेंब पडायचे थांबले की पुरे, एकदम कोरडा करू नका. त्यात मेथी मिसळून कणकेसारखं मळा. मेथीचं काम दोन प्रकारचं, ती लगदा धरून ठेवते आणि कडूपणामुळं कसर लांब ठेवते.

पातेलं पालथं घालून त्यावर ओलं फडकं पसरा आणि बुडापासून सुरुवात करून लगदा थापत खाली या. जाडी करंगळीएवढी. हात मधूनमधून पाण्यात बुडवा, भाकरी थापताना लावतो तसाच. कडेला थोडा जास्त थर द्या, तुटते ती कडच. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात दोन-तीन दिवसांत वाळते, आत्ता थंडीत आठवडा लागेल. अर्धवट वाळल्यावर पातेल्यावरून सोडवून उलटी करून आतून वाळवा. पूर्ण वाळल्यावर वाजवून बघा, टणटण आवाज आला पाहिजे. मग बाहेरून कार्डांतली कापलेली फुलं, पक्षी, चांदण्या खळीनं चिकटवा. लसूण, सुक्या मिरच्या, वड्या-पापड ठेवायला ही टोपली उत्तम. ओल्या वस्तूला नाही.

तुम्ही सिल्लोडचे, कधी वेरूळला जाल तेव्हा दौलताबाद आणि खुल्ताबादच्या मध्ये कागजीपुऱ्याला थांबा. मुहंमद तुघलकानं १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली त्या काळात कागद करणारी मंडळी इकडं आली आणि त्या गावाला हे नाव पडलं. चिंध्यांचा लगदा, पाण्याचा हौद, जाळीची चौकट. हौदात चौकट बुडवून उचलली की तिच्यावर कागदाची ओली साय धरते. ती साय मी शाळेच्या सहलीत पहिल्यांदा पाहिली आणि मुलांना पुढं न्यायचं विसरून तिथंच उभी राहिले. तुमच्या आजींनी घरात केलं ते याच हुन्नराचं भावंड आहे. तुमच्या घरातल्या कोणा लेकराला शेजारी बसवूनच पहिली टोपली करा.

*

*जुनी कार्डं विकली तर पैसे येतात का?*
— उस्मानपुऱ्यातील एक वाचक

साध्या कार्डांचे रद्दीच्या भावानंच येतात. त्यापेक्षा एखाद्या अंगणवाडीला द्या. पंचिंगनं कडेनं भोकं पाडून बुटाची नाडी जोडून दिली की लहान लेकरांना ओवायचं खेळणं होतं.

*

*मागच्या वर्षी तुम्ही पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, नाताळ झाड सांगितलं होतं. मी केलं, पण कार्डाच्या चिठ्ठ्या लटकवल्या की फांदी वाकते. काय चुकलं?*
— एक ताई, घनसावंगी तालुका

तुम्ही पऱ्हाटी हिरवी घेतली असणार. शेवटची वेचणी होऊन महिनाभर उन्हात उभी राहिलेली, बोंडांच्या वाळक्या वाट्या तशाच असलेली घ्या. सुरूची फांदी आणायला शहरात जावं लागतं, पऱ्हाटी आपल्या बांधावर फुकट आहे. ती डब्यात मुरूम आणि खडे भरून ठोकून बसवा. चिठ्ठ्या एकाच टोकाला न टांगता त्या वाळक्या वाट्यांच्या देठाला, खोडाजवळ टांगा. सुतळी नको, शिवणाचा दोरा पुरतो.

आणि चिठ्ठ्या सध्या झाडावरून उतरवल्या असतील तर फेकू नका. एकेक उलटून बघा, मागं काही लिहिलंय का.